मौनी, मी आणि बँडमास्तरांचा दात

“तू कधी दात दाखवून हसतोस का रे?”

प्रश्न माझा नव्हता हं! म्हणजे तोंड माझं, आवाज माझा, पण प्रश्न चिमणी आणि पिंगीचा. या दोघी माझ्या बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, आणि मला खड्ड्यात ढकलण्यात दोघींचा हातखंडा. कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभं राहून त्यांनी मला डिवचलं होतं, “तोफ म्हणवतेस ना स्वतःला? मग जा, मौनीला विचार. सगळ्यांसमोर! नाहीतर आजपासून परत मांजर.”

मांजर हे माझं जुनं नाव. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त ‘हजर’ म्हणायला. मग सुट्टीत मी एकटीने, कुणाचीही मदत न घेता, आईच्या दवाखान्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला, आई तो रोज वापरायला लागली, आणि माझा आवाज कुठून कोण जाणे—फुटलाच! तेव्हापासून मी तोफ. आता परत मांजर व्हायचं? छे!

मौनी म्हणजे शेजारच्या तुकडीतला मुलगा. खिडकीजवळच्या शेवटच्या मशीनवर बसायचा. शब्द कुणाकडून उसने आणल्यासारखे जपून वापरायचा, आणि हसायचा तो ओठ घट्ट मिटून. फारच हसू आलं तर तोंडावर हात. मी दाताच्या डॉक्टरची मुलगी. मला माणसाचे आधी दात दिसतात, मग डोळे. याचे मात्र आधी डोळे दिसले होते… पण ते मी चिमणी-पिंगीला कशाला सांगू?

त्याने कळफलकावरून हात काढले.

“हसतो की,” तो म्हणाला. “कारण असलं तर.”

“म्हणजे आम्ही कारण नाही?”

“आम्ही म्हणजे कितीजणी?” त्याने मान वाकडी करून माझ्या मागे पाहिलं. चिमणी-पिंगी दारामागे गुडुप. “आलीयेस तर तू एकटीच.”

“मग मी एकटी! मी नाही का कारण?”

हे वाक्य मात्र त्या दोघींनी दिलेलं नव्हतं. ते कसं निघालं ते देव जाणे. माझे कान तापले. त्याचेही तापले, मला दिसले ना लालबुंद झालेले! उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने माझ्या मशीनकडे बोट केलं.

“ते तोंड कुणाचं आहे?”

पडद्यावर माझा प्रोग्रॅम उघडा होता. दातांचा नकाशा. वर डावा-उजवा, खाली डावा-उजवा असे तोंडाचे चार भाग, प्रत्येक भागात आठ दात, प्रत्येक दातावर टिचकी मारली की त्याची सगळी कुंडली. आणि माझी सगळ्यात लाडकी सोय म्हणजे ‘करून बघा’. पेशंटला दाखवायचं, हा दात काढला तर असं, ठेवला तर तसं.

“आमच्या बँडमास्तरांचं,” मी ऐटीत सांगितलं. “आईचे पेशंट. पुढचा दात हलतोय त्यांचा. ठेवायचा की काढायचा, ठरत नाहीये.”

तो उठून आला, वाकून माझा कोड वाचू लागला. त्याच्या शर्टाला पेन्सिल तासल्याचा वास होता. बराच वेळ वाचून म्हणाला, “हं.”

“हं काय?”

“‘करून बघा’ केलं की तू दुसरं तोंड बनवतेस ना?”

“मग! त्या दुसऱ्या तोंडाचं नाव आराखडा. ही बघ ओळ, आराखडा = तोंड.”

“त्या ओळीने दुसरं तोंड नाही बनत. त्याच तोंडाला दुसरं नाव पडतं, इतकंच. आराखड्यातला दात काढलास की खराही जाईल.”

“दोन आठवडे झाले ही सोय दवाखान्यात चालतेय,” मी नाक उडवलं. “एक दात गेला नाही.”

“मग कुणी अजून करून बघितलं नसेल,” तो म्हणाला, आणि ओठ मिटून हसला.

इतका राग आला म्हणून सांगू! आणि रागावलेल्या माणसाच्या पोटात असं गुदगुल्या झाल्यासारखं का व्हावं, हे मला कुणी सांगेल का?

*

आमचं घर वरच्या मजल्यावर, खाली आईचा दवाखाना, आणि त्याच्यामागे बाबांची खोली. बाबा कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतात. त्यांच्या बाह्यांवर कायम प्लॅस्टरची भुकटी. आई दात काढते, बाबा दात देतात, असं ते सगळ्यांना सांगतात आणि स्वतःच आधी हसतात.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले, तर खुर्चीत बँडमास्तर. निवृत्त माणूस, पण ऐट अजून बँडच्या पुढे चालणाऱ्याची. अजून रोज क्लॅरिनेट वाजवतात. वाद्याचं टोक वरच्या पुढच्या दातांवर टेकतं, म्हणून त्या एका हलणाऱ्या दातावर त्यांचा जीव टांगलेला.

आई पडद्याकडे बघत म्हणत होती, “बँडमास्तर, वरचा पटाशीचा दात काढलेला दिसतोय इथे. कुठे जाऊन काढलात? मला न सांगता?”

“मी?” बँडमास्तरांनी ओठ वर उचलून दात दाखवला आणि जिभेने हलवूनसुद्धा दाखवला. “मग हा कोण? पाहुणा आलाय?”

परवाच आईने त्यांना ‘करून बघा’मध्ये दात काढून दाखवला होता. आणि खऱ्या नोंदीतून दात गेला होता. अगदी मौनी म्हणाला तसाच!

आई पेशंटसमोर काही बोलली नाही. ते गेल्यावर मात्र तिने हातमोजे काढून टाकले आणि म्हणाली, “हसू नकोस गं यावर. मी त्यांना वीस वर्षं ओळखते म्हणून विचारलं. माझ्या जागी कुणी नवखं असतं, घाईत असतं, आणि पडद्यावर विश्वास ठेवून पुढचं काम केलं असतं तर? दात परत उगवत नाही या वयात.”

मी हसत नव्हतेच.

“उद्यापासून बंद हे. आणि तुझे पुढच्या वर्षीचे विषय कळवायची वेळ आलीये ना? जीवशास्त्र घे. तुझे हात चांगले आहेत, माझ्यापेक्षा स्थिर. ही खुर्ची तुझ्यासाठीच ठेवलीये मी. कॉम्प्युटर काय, छंद म्हणून कुणीही करतं.”

छंद! मांजर असते तर मान खाली घालून वर निघून गेले असते.

“शनिवारपर्यंत वेळ दे,” मी म्हणाले. “शनिवारी बँडमास्तरांना बोलव. तेव्हा परत चुकलं तर तू म्हणशील ते विषय घेईन. या खुर्चीमागे उभी राहीन. कुरकुर करणार नाही.”

“आणि नाही चुकलं तर?”

“तर कॉम्प्युटर.”

“ठरलं,” आई म्हणाली.

मागच्या दारातून बाबांनी पांढरं डोकं बाहेर काढलं. “अगं, दोघींनी काय लिलाव मांडलाय का?”

*

“तुला कसं कळलं?” दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन मौनीच्या टेबलावर दप्तरच आदळलं.

“काय?”

“दात जाणार ते.”

“गेला?”

“गेला! आणि बँडमास्तर आईला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मग हा कोण, पाहुणा आलाय?”

आणि मौनी हसला. ओठ उघडून, मान मागे टाकून, खळाळून! हात तोंडाकडे जायला निघाला होता, पण पोचायला उशीर झाला. मला दिसलं. डावीकडचा सुळा शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलल्यासारखा थोडा तिरका. बास, एवढंच! एवढ्यासाठी हा मुलगा वर्षभर ओठ शिवून बसला होता?

“आईला दिसला तर तार लावेल तुला,” मी म्हणाले. माझा आवाज उगाच बारीक झाला होता.

“म्हणून तर मिटून असतो. तुमचा दवाखाना माझ्या रस्त्यात आहे.”

“तार लावून घेऊ नकोस,” मी म्हणाले. मग घाईघाईने, “म्हणजे… काही बिघडत नाही असा असला तर.”

त्याने मान डोलावली, जशी काही मी फार मोठी वैद्यकीय गोष्ट सांगितली होती.

मग त्याने मला त्याचा कोड दाखवला. तो एका वेगळ्याच भाषेत लिहायचा. त्या भाषेत म्हणे एकदा बनलेली गोष्ट बदलता येत नाही. यादी बनली की बनली. तिच्यात काही घालायचं तर नवी यादी मिळते, आणि जुनी होती तशीच्या तशी.

“शी! म्हणजे एक दात बदलायला सगळं तोंड परत लिहायचं? किती पसारा!”

“सगळं नाही. त्यातली गंमत अशी आहे की—”

“थांब!” मी हात वर केला. “सांगू नकोस. माझा प्रोग्रॅम आहे, मी शोधणार. आणि माझ्याच भाषेत लिहिणार.”

“बरं.”

“पण तू शेजारी बस. अट एकच, बोलायचं नाही. आणि कळफलकाला हात लावायचा नाही.”

“आणि बघायचं?”

“स्क्रीनकडे!”

“स्क्रीनकडेच बघतोय,” तो म्हणाला. बघत माझ्याकडे होता.

“मी इथे नुसताच कशाला बसू पण?” त्याने थोड्या वेळाने विचारलं.

“तू बसलास की मला नीट सुचतं,” मी टाईप करता करता म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. मी पुढची ओळ तीनदा चुकवली.

ते दिवस! दुपारी उन्हाची तिरीप नेमकी माझ्या डोळ्यांवर यायची. एकदा मी डोळे बारीक केले, तर दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची सरकून बरोबर उन्हाच्या वाटेत. बोलायला बंदी, म्हणून तो पेन्सिलीने टेबलावर टकटक करायचा. एकदा म्हणजे ‘पाणी पी’, दोनदा म्हणजे ‘बाई येतायत’. तीनदा म्हणजे काय ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. शाळा सुटली की तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत यायचा, आणि दवाखान्याची खिडकी आली की तोंड असं घट्ट मिटायचा की मला हसू आवरायचं नाही. चिमणी रोज विचारायची, “झाला का गं प्रोग्रॅम? की तुला व्हायलाच नकोय?” पिंगी नुसती टेबलावर टकटक करून पळून जायची. मेल्या!

पैजेबद्दल मात्र मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असतं, मी घाबरलेय. आणि मी घाबरले होतेच.

बुधवारी बाबांनी त्याला हाक मारून आत बोलावलं. “ये रे, लाजतोस काय? बघ आमचं दुकान.” भिंतीभर फळ्या आणि त्यांवर प्लॅस्टरचे जबडे. ओळीने सगळे आ वासून बसलेले. मौनीने हात मागे बांधून एकेक बघितला, देवळात बघतात तसा.

“एकाच माणसाचे दोन-दोन का?” त्याने विचारलं.

“पहिला मी कधी घासत नाही,” बाबा म्हणाले. “तो पेशंटचा खरा. त्याच्यावरून दुसरा ओततो, आणि काय करवत चालवायची ती दुसऱ्यावर. चुकलं तर पहिला आहेच.”

माझ्या डोक्यात लख्ख झालं! दुसरा ओतायचा! मी तिथेच बाबांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आराखडा म्हणजे तोंडाची प्रत. फक्त दुसरं नाव द्यायचं नाही, खरोखरच प्रत काढायची. एक ओळ. किती सोपं! चालवून बघायचीसुद्धा गरज वाटली नाही मला.

मौनी माझ्या खांद्यामागे वाकला. त्याने श्वास आत घेतला आणि तोंड उघडलं…

मी मागे न बघता बोट माझ्या ओठांवर ठेवलं.

त्याने तोंड मिटलं.

*

शनिवारी बँडमास्तर क्लॅरिनेटची पेटी घेऊनच आले. “दाताचा निकाल आहे, वाद्य हजर पाहिजे,” म्हणाले. बाबा दाराला टेकून उभे. मौनी बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून, ओठ मिटून.

आईने स्वतः माऊस धरला. ‘करून बघा’ केलं. वरच्या पटाशीच्या दातावर टिचकी मारली. काढा. दात गेला, जागा रिकामी दिसली. “बरं,” आई म्हणाली आणि मूळ नोंद उघडली.

तिथेही जागा रिकामी.

“परत गेला?” बँडमास्तरांचं बोट आपोआप दाताकडे गेलं.

कुणी हसलं नाही. आई ओरडलीसुद्धा नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

“जाऊ दे,” ती हळू म्हणाली. “सोमवारी बाईंना विषय कळवून टाक.”

मी तडक बाहेर आले आणि मागच्या पायऱ्यांवर बसले. बारीक पाऊस भुरभुरत होता, छपराच्या कडेवरून एकेक थेंब सांडत होता. मौनी येऊन एक पायरी खाली बसला.

“तुला दिसलं होतं ना?” मी त्याच्याकडे न बघता विचारलं.

“हो.”

“कधी?”

“बुधवारी. तू ओठांवर बोट ठेवलंस तेव्हा.”

“आणि गप्प बसलास? माझ्या सगळ्या आयुष्याची वाट लागली इथे, आणि तू… तू शहाण्यासारखा गप्प?”

“आयुष्याची?” तो गोंधळला. “एक दात चुकला. सोमवारी नीट करू.”

मग मी सांगितलं. पैज, विषय, खुर्ची, सगळं. सांगता सांगता रडू फुटलं आणि मी बाहीने नाक पुसलं. प्रेमकथेत नायिका असं करत नाहीत, पण माझ्याकडे रुमाल नव्हता.

त्याचा चेहरा उतरत गेला.

“हे मला माहीत असतं तर बोललो असतो. अट मोडून बोललो असतो,” तो म्हणाला. “चुकलंच माझं. मला वाटलं… तुला स्वतः शोधायचंय. तू नको म्हणालीस ते मला करायचं नव्हतं.”

“इतकं ऐकतोस माझं?”

“ऐकतो.” त्याने पायरीवरचा प्लॅस्टरचा एक तुकडा उचलला आणि बोटांत फिरवत राहिला. बाबांच्या खोलीतला कचरा तिथे कायम सांडलेला असतो. “तू बोलायचं नाही म्हणालीस म्हणून या आठवड्यात आणखी एक गोष्ट बोललो नाही.”

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. “कोणती?”

“अट सुटली?”

“सुटली.”

“नक्की?”

“अरे बोल ना!”

“तू विचारलं होतंस, मी नाही का कारण म्हणून.” त्याचे कान पेटले होते. “आहेस. तेव्हाही होतीस. त्याच्या आधीपासून… तू मांजर होतीस तेव्हापासून. मला तू आवडतेस.”

थेंब पडत होते. मला वाटलं, बोलावं काहीतरी सुंदर, लक्षात राहील असं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “मलाही. खूप. पण आधी तो दात!”

आणि तो हसला, तिरका सुळा दाखवून, आणि मीही रडक्या तोंडाने हसले. माझा हात पायरीवर होता. त्याने त्याचा हात शेजारी ठेवला, इतका शेजारी की करंगळीला करंगळी लागली. कुणीच काढून घेतली नाही.

“एकच गोष्ट सांग,” मी म्हणाले. “उत्तर नको. फक्त कुठे बघू ते सांग.”

त्याने विचार केला. “तुझ्या बाबांचा जबडा एकसंध असतो. तुझं तोंड चार तुकड्यांचं आहे.”

मी त्याच्या हातातून प्लॅस्टरचा तुकडा घेतला आणि कोरड्या पायरीवर काढायला लागले. वर एक गोल, तोंड. खाली चार चौकोन. चौकोनांखाली दात. मग शेजारी दुसरा गोल, माझी प्रत. आणि त्याच्यापासून रेघा काढल्या त्या—

“अय्या! मी फक्त वरचा गोल नवा केला. चौकोन तेच! दोन्ही तोंडं त्याच चार चौकोनांना धरून बसलीयेत. म्हणून इकडचा दात काढला की तिकडचाही जातो!”

तो गप्प. पण पेन्सिल नसल्यामुळे बोटाने पायरीवर टकटक.

“मग सगळंच नवं करू? चारही चौकोन, सगळे दात?” मी ओठ चावला. “पण कशाला? बदलला एकच दात. त्याच्या जागी नवा दात. तो ज्या चौकोनात आहे तो नवा चौकोन, बाकीचे सात दात जुनेच. त्याच्यावर नवं तोंड. उरलेले तीन चौकोन…” माझा हात थांबला. “तेच वापरायचे. दोन्ही तोंडांनी मिळून. पण थांब, मघाशी मिळून वापरले म्हणूनच तर घोळ झाला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. आता अट नव्हती, तरी बोलला नाही. डोळे मात्र बोलत होते, सांग, सांग.

“घोळ मिळून वापरल्यामुळे नाही झाला,” मी सावकाश म्हणाले. “मिळून वापरलेल्यात कुणीतरी खाडाखोड केली म्हणून झाला. खाडाखोड कधीच करायची नाही असं ठरवलं, जे बनलं ते बनलं, तर मिळून वापरायला भीती कसली?”

“भीती नाही,” मौनी म्हणाला. “हीच ती गंमत. तुला सांगायची राहिली होती.”

*

रविवारी दवाखाना बंद असतो. सकाळपासून मी आईच्या टेबलावर बसून सगळं नव्याने लिहिलं. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ‘बदला’ होतं तिथे तिथे ‘नवं बनवा’. मौनी बाकावर त्याचं गणित करत बसला होता. एकदा त्याने टकटक केली, मी पाणी प्यायले.

दुपारनंतर आई हत्यारं उकळायला ठेवायला खाली आली, मागोमाग बाबा. मी खुर्ची सोडली. आईने माझ्याकडे बघितलं आणि बसली. दात काढला. मूळ नोंद उघडली. दात जागेवर. आणखी एक आराखडा केला, त्यात दात ठेवून टोपी बसवली. मूळ नोंद. दात जागेवर. मग तिने मुद्दाम उलटसुलट करून बघितलं, आराखड्यातून आराखडा काढला, दाढा काढल्या, सुळे काढले… ती हट्टीच आहे, मी कुणावर गेलेय? दात जागेवर.

“आणि पहिल्या दोन आराखड्यांत फरक कुठे आहे, ते कसं कळणार?” तिने विचारलं.

मी कळ दाबली. वरचा डावा भाग उजळला, बाकी तीन करडे. “बाकीचे तीन दोन्हीकडे तेच आहेत, आई. सारखे नाही, तेच. म्हणून ते तपासावेच लागत नाहीत.”

आईने तिन्ही करड्या भागांवर एकेक टिचकी मारून बघितली. मग म्हणाली, “छान झालंय. खरंच छान. उद्या बँडमास्तरांना हे दाखवीन मी.” जरा थांबून, “पण पैज शनिवारची होती, बाळा.”

मौनी उठला. “मी निघतो,” म्हणाला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले नाही. नुसती मान हलवली आणि त्याला कळलं. सायकलचा आवाज लांब गेला. मग मी आई-बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. हात मागे बांधले.

“पैज मी हरले,” मी म्हणाले. “शनिवारी दात गेला, तो सगळ्यांनी बघितला. ते मी नाही म्हणणार नाही, कधीच. पण आई, मी तुझ्याशी अशी पैज लावायलाच नको होती. रागाच्या भरात लावली. माझी पुढची सगळी वर्षं एका शनिवारवर लावली, आणि तूही ‘ठरलं’ म्हणालीस.”

बाबांनी आईकडे बघितलं. आई हातमोज्यांची बोटं ओढत होती.

“आणि ही खुर्ची?” ती म्हणाली.

“ती तुझी आहे. तू त्या खुर्चीमागे उभी असतेस तेव्हा तुला वेळेचं भान राहत नाही, जेवण गार होतं. मला काल पायऱ्यांवर तसंच झालं. पाऊस थांबला ते कळलंच नाही मला. मी हरले होते, रडत होते, आणि तरी मला तेच करायचं होतं.”

“त्या मुलामुळे का हे?” आईने सरळ विचारलं.

बाबा खोकले. मीही एक क्षण घुटमळले. आणि मग म्हटलं, तोफ आहोत ना?

“तो मला आवडतो,” मी म्हणाले. “मी त्यालाही आवडते. काल कळलं. हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं मला, म्हणून सांगितलं. तो इथेच येईल अभ्यासाला, तुमच्या डोळ्यांसमोर. पण विषय त्याच्यामुळे नाही. तो उद्या दुसऱ्या शाळेत गेला, माझ्याशी भांडला, परत कधी एक शब्द बोलला नाही, तरी मी हेच घेणार.”

आईने काही बोलायला तोंड उघडलं. मी थांबले नाही. थांबले असते तर बोलून झालं नसतं.

“उद्या सकाळी मी बाईंना कळवतेय, गणित आणि कॉम्प्युटर. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही माझे आई-बाबा आहात. पण हे मी विचारत नाहीये, आई. मी ठरवलंय.”